माजघरातला काळोख आणि कॅमेरा: कौलारू घरात कमी उजेडात नीट फोटो कसे काढावेत

कोकणातलं जुनं घर पावसाचा विचार करून बांधलेलं असतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणारं पाणी भिंतीला लागू नये म्हणून छप्पर पार खाली उतरवलेलं असतं. त्याखाली पडवी, पडवीच्या आत ओटी आणि ओटीच्या आत माजघर. चिऱ्याच्या जाड भिंती, लहान खिडक्या, धुराने काळे पडलेले वासे आणि त्यावर कौलं. दुपारी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पडलेलं ऊन आणि त्याच वेळचा माजघरातला उजेड यांत हजार पटींचा फरक असू शकतो. आपले डोळे या फरकाला थोड्या वेळात सरावतात. कॅमेऱ्याला मात्र दोन्ही एकदम दिसत नाहीत. कुठलं तरी एक निवडावं लागतं, आणि आपण निवडलं नाही तर तो स्वतः निवडतो.

घरातले जपून ठेवावेत असे फोटो नेमके याच काळोखात घडतात. चतुर्थीचा गणपती, बारसं, देवघरातली सांजवात, चुलीपुढे बसलेली आजी. आणि यातलेच फोटो सर्वांत जास्त बिघडतात. फ्लॅशने चेहरे पिठासारखे पांढरे होतात, मागची भिंत काळीठिक्कर पडते, नाहीतर सगळंच हललेलं आणि पिवळं येतं. हा लेख त्यासाठी आहे. कॅमेरा असो वा मोबाइल, काम त्याच क्रमाने करायचं: आधी उजेड शोधायचा, मग माणूस त्या उजेडात बसवायचा आणि सेटिंग्जना हात सर्वांत शेवटी लावायचा. बहुतेकजण हे उलट्या क्रमाने करतात.

एक गोष्ट आधीच पक्की करू. फोटो नीट एक्स्पोज झाला, म्हणजे कॅमेऱ्यात हवा तेवढाच उजेड गेला, याचा अर्थ खोली लख्ख उजळली असा नाही. जे बघायचं आहे त्यावर हवा तेवढा उजेड आला आणि बाकीचं माजघर माजघरासारखंच काळोखं राहिलं, तर एक्स्पोजर बरोबर आहे. त्या घराचा काळोख पुसून टाकलात तर घरच पुसलं जातं.

आधी घर फिरून बघा

कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि घरात उजेड कुठून कुठून येतो ते पाहा. पुढचं दार, मागीलदार, माजघराची खिडकी आणि छपरात मध्येच बसवलेलं काचेचं कौल. हे काचेचं कौल फार मोलाचं असतं, कारण तिथून उजेड वरून, एका बाजूने आणि ठरावीक जागी येतो. सकाळी साडेदहाला त्याचा कवडसा कुठे पडतो आणि दुपारी दोनला कुठे सरकतो, हे एकदा पाहून ठेवलंत की अर्धं काम झालं.

उजेड दारापासून आत जाताना किती झपाट्याने कमी होतो याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. दारापाशी बसलेल्या माणसाला मागे माजघराच्या मध्यावर नेलं तर उजेड सहज दोन-तीन स्टॉप उतरतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, तेव्हा तीन स्टॉप म्हणजे आठवा हिस्सा. हा आठपट उजेड महागडी लेन्स घेऊन विकत मिळवण्यापेक्षा पाट चार पावलं पुढे सरकवणं सोपं आहे. "आजी, जरा दाराकडे सरकून बस गो," एवढं म्हटलं तरी जे साधतं ते कुठल्याही सेटिंगने साधत नाही.

बसवताना माणसाची पाठ दाराकडे नको आणि तोंड अगदी समोरही नको. दार त्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला, थोडं पुढच्या बाजूला राहील असं बसवा. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली, आणि दोन्ही डोळ्यांत दाराची पांढरी चौकट चमकली पाहिजे. डोळ्यांतली ती चमक दिसली नाही तर चेहरा निर्जीव वाटतो. दार स्वतः फोटोत येऊ देऊ नका. चौकटीत बाहेरचं खळं आलं की एक तर ते पांढरं फटक जाईल किंवा माणूस काळा पडेल.

ऋतूचाही हिशेब ठेवा. भाद्रपदात आभाळ भरलेलं असेल तर दारातून येणारा उजेड मऊ असतो आणि त्यात जवळजवळ दिवसभर फोटो काढता येतात. फक्त सर आली की उजेड एकदम खाली जातो, तेव्हा दर पाच-दहा मिनिटांनी एक्स्पोजर पुन्हा तपासा. मे महिन्यातलं ऊन कडक. खिडकीतून थेट पट्टा आत येत असेल तर खिडकीवर धुतलेलं पांढरं पातळ धोतर किंवा मलमलचा कपडा टांगा. पट्टा मोडतो आणि खिडकीभर सारखा मऊ उजेड होतो. याच दिवसांत आणखी एक सुंदर गोष्ट घडते. खळ्यातल्या तांबड्या जमिनीवर पडलेलं ऊन उसळून ओटीवर खालून येतं आणि चेहऱ्यावरच्या सावल्या उबदार रंगाने भरून काढतो तो हाच उजेड. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पूर्वेकडे तोंड असलेल्या ओटीवर हे फार छान दिसतं. त्यासाठी कसलीही खटपट करावी लागत नाही, फक्त त्या वेळी तिथे असावं लागतं.

मग घरातला दिवा बंद करा

कमी उजेडात दिवा बंद करायला सांगणं विचित्र वाटेल, पण दिवसाच्या फोटोंमधली सर्वांत मोठी सुधारणा यानेच होते. खिडकीचा उजेड निळसर-पांढरा असतो, साध्या बल्बचा पिवळा आणि स्वस्त एलईडीचा कधी हिरवट, कधी निळा. चेहऱ्याच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा पडला की नंतर कुठल्याही ॲपमध्ये ते दुरुस्त होत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. खिडकी पुरत असेल तर डोक्यावरची ट्यूब बंद करा. रात्री उलट करा: सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा. माजघरात पिवळा बल्ब असेल तर स्वयंपाकघराच्या दारातून झिरपणारी पांढरी ट्यूब मालवा.

एलईडी आणि ट्यूबबद्दल अजून एक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याचा शटर स्पीड (उजेड आत घ्यायला झडप किती वेळ उघडी राहते ते) मात्र फार वेगवान ठेवला तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ, पुढचा मंद असं होतं. गणपतीच्या मखरावर सोडलेल्या रोषणाईच्या माळा यात पटाईत असतात. अशा वेळी शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा आणि आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून साधा मेकॅनिकल शटर वापरा.

शटर, ॲपर्चर, आयएसओ: या क्रमाने

पुस्तकात या तिघांचा त्रिकोण काढलेला असतो, जणू तिन्ही कोन सारखे. कमी उजेडात ते सारखे नसतात. पहिला निर्णय शटरचा, कारण हललेला फोटो कशानेच सुधारत नाही.

स्वतःला विचारा, समोरचं किती हलतं आहे? गप्प बसलेला माणूस १/६० ला चालतो. बोलणारा, हसणारा, हातवारे करणारा असेल तर १/१२५. भजनात पखवाजावरचे हात धरायचे असतील तर १/२५०, आणि फुगडी घालणाऱ्या बायकांना १/२५० सुद्धा कधी अपुरा पडतो. तिथे पाय आणि पदर थोडे पुसट राहू द्या, चेहरा स्थिर मिळाला की पुरे. मूर्ती, मखर, खोली अशा न हलणाऱ्या गोष्टींना ही अट नाही. कॅमेरा टेकवून एक सेकंद, चार सेकंद काहीही चालेल.

यात आपल्या हाताची थरथरही मोजायची. जुना ठोकताळा असा की शटर लेन्सच्या लांबीच्या उलट्या आकड्याहून हळू नको. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५०, आणि उजेड टिपणारा सेन्सर लहान म्हणजे एपीएस-सी असेल तर १/८०. हल्ली लेन्समध्ये किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असतं, त्यामुळे हातातही १/१५ ला स्थिर फोटो येतो. पण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्याच्या मानेची नाही. हा फरक न कळल्याने कित्येक चांगले क्षण पुसट झाले आहेत. शरीर टेकवायला घरातलं सगळं वापरा: दाराची चौकट, ओटीवरचा खांब, झोपाळ्याची कडी सोडून काहीही. कोपर पोटाशी, श्वास अर्धा सोडून थांबलेला, आणि एका फोटोऐवजी तीन-चार सलग. बहुधा दुसरा किंवा तिसरा सर्वांत स्थिर निघतो, कारण बटण दाबण्याचा धक्का पहिल्यात जातो.

दुसरा निर्णय ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं याचा. एफपुढचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८–५५ मिलिमीटरची लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पलीकडे उघडत नाही. तिच्याऐवजी ५० मिलिमीटर एफ/१.८ लावली तर साधारण नऊ-दहा पट उजेड आत येतो. मोठ्या कंपन्यांच्या लेन्सांत ही सर्वांत स्वस्तांपैकी एक असते. घरातले फोटो काढायची खरी आवड असेल तर नवीन कॅमेऱ्याआधी ही घ्या. लहान सेन्सरवर ती माजघरात जरा अडचणीची होते, मागे सरकायला भिंत आडवी येते. तिथे ३५ मिलिमीटर जास्त सोयीची.

पण एफ/१.८ ला उथळ फोकसची किंमत आहे. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो ५० मिलिमीटरने एफ/१.८ वर घेतला तर लहान सेन्सरवर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीचा भागच टोकदार येतो. डोळ्यांवर फोकस धरला तर कान पुसट. एका माणसाला हे शोभतं. चुलतभावंडं दोन ओळींत बसली असतील तर एफ/४ किंवा एफ/५.६ वर जावंच लागेल, आणि तेवढा उजेड दुसरीकडून भरून काढावा लागेल. म्हणून घरातले सामूहिक फोटो रात्री माजघरात नकोत. दुपारी सगळ्यांना पडवीत एका ओळीत, सारख्या अंतरावर बसवा. चाकरमानी परत निघायच्या गडबडीत, बॅगा भरलेल्या असताना काढलेला फोटो कधीच मनासारखा येत नाही. आरतीच्या आदल्या दुपारीच उरकून घ्या.

काळोखात ऑटोफोकस चाचपडत राहिला तर त्याला सपाट भिंत किंवा कपाळ देऊ नका. जिथे उजेड-काळोखाची कड आहे तिथे फोकस धरा: डोळ्याची कड, चष्म्याची दांडी, मंगळसूत्राचे मणी. तेही जमलं नाही तर कुणाला तरी मोबाइलची बॅटरी क्षणभर चेहऱ्याजवळ धरायला सांगा, फोकस करून लॉक करा, बॅटरी बंद करा आणि मग फोटो घ्या.

आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा ते, सर्वांत शेवटी, आणि त्याला घाबरू नका. आयएसओ वाढला की फोटोत दाणे दिसतात, म्हणून लोक ४०० वर अडून बसतात आणि काळपट फोटो नंतर ॲपमध्ये उजळवतात. त्यात दाणे आणखी वाढतात. आयएसओ ३२०० वर बरोबर उजेडात घेतलेला फोटो हा ४०० वर काळा घेऊन तीन स्टॉप ओढलेल्या फोटोपेक्षा सहसा स्वच्छच असतो. गेल्या काही वर्षांतल्या कॅमेऱ्यांत ३२०० आणि ६४०० ला सहज वापरण्याजोगे फोटो येतात. दाणे नंतर कमी करता येतात आणि छापल्यावर फारसे दिसतही नाहीत. हललेला चेहरा मात्र हललेलाच राहतो.

अंदाजासाठी काही आकडे. ढगाळ दुपारी उघड्या दाराजवळ तांदूळ निवडत बसलेली बाई: एफ/२, १/१२५, आयएसओ ८००. त्याच वेळी माजघराच्या मध्यावर: एफ/२, १/६०, आयएसओ १६००. संध्याकाळी देवघरात फक्त समई आणि निरांजन: एफ/१.८, १/६०, आयएसओ ६४००. तुमच्या घरात हे थोडे पुढे-मागे होतील. इथून सुरुवात करा आणि फोटो तपासून बदला.

कॅमेऱ्यात मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर तुम्ही धरायचे आणि आयएसओ ऑटोवर सोडायचा, वर ६४०० ची मर्यादा घालायची. समारंभात ही पद्धत सर्वांत भरवशाची, कारण लक्ष माणसांकडे राहतं.

कॅमेऱ्याचा मीटर का फसतो

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरून उजेड ठरवतो. काळोखं माजघर समोर आलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि तो सगळं इतकं उजळवतो की समईच्या ज्योतीभोवतीचा चेहरा धुऊन निघतो. उलट चौकटीत उघडं दार आलं की तो घाबरून सगळं काळं करतो.

इथे कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे मीटरचा उजेड हाताने कमी-जास्त करायचं, प्लस-मायनस बटण कामाला येतं. काळी पार्श्वभूमी आणि तिच्यात लहानसा उजळ चेहरा: उणे १ ते उणे १.५. काळ्या पाषाणाची मूर्ती फोटोभर: उणे १, नाहीतर पाषाण राखाडी दिसेल. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे पांढऱ्या धोतरातले आजोबा: अधिक १. मागे उघडी खिडकी आणि पुढे माणूस: अधिक १.५ ते २, खिडकी जाऊ द्या. कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणं) असेल तर चेहऱ्याच्या उजळ गालावर मोजा आणि एक्स्पोजर लॉक करा. सावळ्या त्वचेला मोजलेला आकडा बहुतेकदा तसाच बरोबर बसतो, गोऱ्या त्वचेला अर्धा ते एक स्टॉप वाढवावा लागतो. आपल्या घरात दोन्ही एकाच फोटोत असतात. अशा वेळी गोऱ्या चेहऱ्याला जपा, तो जळला तर परत येत नाही.

पडद्यावर फोटो कसा दिसतो यावर विसंबू नका. काळोखात पडदा डोळ्यांना खूप उजळ वाटतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तोच फोटो काळा निघतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, बघा. काळोख्या खोलीचा आलेख डावीकडे झुकलेलाच असणार, त्यात काही बिघाड नाही. फक्त चेहऱ्याचा भाग आलेखाच्या साधारण मध्याच्या आसपास असावा आणि उजव्या भिंतीला ज्योतीखेरीज काही चिकटलेलं नसावं.

शक्य असेल तर रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या रूपात, घ्या. जेपेगमध्ये ज्या सावल्या आणि रंग कायमचे गोठतात ते रॉमध्ये नंतर हलवता येतात, आणि कमी उजेडात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

रंग

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. ज्योतीचा उजेड साधारण १,९०० केल्विन, पिवळ्या बल्बचा २,७०० च्या आसपास, दिवसाचा ५,५०० च्या जवळ. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा आपोआप करतो ती रंगदुरुस्ती, हे सगळं पांढरं करू पाहतो आणि समईच्या उजेडातला देव ट्यूबखाली ठेवल्यासारखा दिसू लागतो. देवघरात व्हाइट बॅलन्स हाताने ३,००० ते ३,२०० वर ठेवा. पिवळेपणा थोडा राहतो, आणि तो राहायलाच हवा.

पावसाळ्यात एक खास कोकणी अडचण येते. खिडकीबाहेर पोफळी, केळी आणि माड असतील तर आत येणारा उजेड पानांवरून गाळून येतो आणि चेहऱ्यावर हिरवट छटा पडते. लाल कोब्याची जमीन असेल तर हनुवटीखाली तांबडी छटा. चौकटीत आधी एक पांढरा कागद धरून फोटो घ्या आणि नंतर त्या कागदावरून रंग दुरुस्त करा. सगळे फोटो एकदम सुधारतात. हिरवट छटा जायलाच हवी, तिने माणूस आजारी दिसतो. तांबडी मला तरी ठेवावीशी वाटते.

मोबाइल असेल तर

सर्वांत आधी लेन्स पुसा. खोबरेल लागलेली बोटं, घाम, समुद्रावरून येणारा खारा दमट वारा यांचा थर लेन्सवर कायम असतो, आणि काळोखात प्रत्येक दिव्याभोवती जो धुरकट फुलोरा दिसतो तो बहुतेकदा याचाच असतो. सुती रुमालाने एकदा पुसलं की चालतं.

मुख्य लेन्सच, म्हणजे १एक्स, वापरा. मोबाइलमधला सर्वांत मोठा सेन्सर आणि सर्वांत उघडी लेन्स बहुधा तिथेच असते. वाइड आणि टेलि दोन्ही काळोखात मार खातात. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जा.

चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, आणि मग बाजूच्या सूर्याच्या खुणेने उजेड थोडा खाली ओढा. जवळजवळ प्रत्येक मोबाइल काळोख गरजेपेक्षा जास्त उजळवतो. नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, म्हणून मखर, देवघर, रिकामी ओटी यांना तो उत्तम. हलत्या माणसांना नको. पोरं भुतासारखी पारदर्शक येतात. मोबाइल फडताळावर किंवा तांब्याला टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या.

काही ठरावीक प्रसंग

आरतीला उजेड सतत बदलत असतो. निरांजन ओवाळताना ज्योत जवळ आली की मूर्ती उजळते, लांब गेली की मंदावते. कापूर पेटला की काही क्षण सगळंच भडकतं. ऑटो मोड यामागे धावत राहतो. म्हणून आरतीपूर्वीच मॅन्युअलवर, आयएसओही ऑटोवर न सोडता, एक्स्पोजर ठरवा आणि तबक मूर्तीच्या अगदी समोर येईल त्या क्षणाची वाट बघा. ज्योत पांढरी जळलेली दिसली तरी चालेल. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या लाकडी चौकटीला, टांगलेल्या नारळ, काकड्या, कवंडळांवर आरतीचा उजेड खालून पडतो, तोही एकदा टिपून ठेवा.

स्वयंपाकघरात चुलीचा धूर दिसायला हवा असेल तर उजेड बाजूने किंवा मागून आणि धुरामागे काळोख लागतो. काचेच्या कौलातून तिरीप आत येत असताना, तिच्या वाटेत धूर आला की एक स्टॉप कमी ठेवून घ्या.

देवळात आधी विचारा. अनेक गाभाऱ्यांत फोटोला मनाई असते, ती पाळायची. सभामंडपात परवानगी मिळाली तर छताकडे बघा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्याच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम मान मोडेपर्यंत बघत राहावं असं आहे. अशा छताचा फोटो हातात धरून काढू नका. पुजाऱ्यांना विचारून जमिनीवर रुमाल पसरा, त्यावर कॅमेरा किंवा मोबाइल पाठीवर निजवा, टायमर लावा आणि बाजूला व्हा. जमिनीइतका पक्का ट्रायपॉड नाही. एफ/८, आयएसओ २००, शटर जितका लागेल तितका.

कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ बघायला मिळाला तर फ्लॅश पूर्ण बंद, मोबाइलचासुद्धा. तिथे पडद्यामागच्या दिव्यानेच सगळी किमया होते. समोरून उजेड टाकला की पडदा पांढरा होतो आणि छाया नाहीशी. पडद्याच्या उजळ भागावर मोजा आणि एक स्टॉप वाढवा, म्हणजे पडदा उजळ राहील आणि बाहुली गडद. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. ही परंपरा नीट टिपली जाणं गरजेचं आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्या कारागिरांचे फोटो घ्यायचे असतील तर ते खिडकीशी बसलेले असताना घ्या, परवानगी घेऊन आणि फ्लॅशशिवाय.

जत्रेतल्या दशावतारात पात्रांच्या तोंडाला रंग आणि मागे काळोख, म्हणून मीटर नेहमी जास्त उजेड देतो: उणे १, शटर १/२५०. शेजारी बसून बघणारे लोक रात्रभर खेळात गुंतलेले असतात, तेव्हा कॅमेऱ्याचा पडदा मंद ठेवा.

घराचा होमस्टे केला असेल आणि खोल्यांचे फोटो हवे असतील तर पद्धत वेगळी. ट्रायपॉड, कमरेएवढी उंची, आयएसओ १००, एफ/८, आणि एकाच जागेवरून तीन फोटो: एक मीटर सांगेल तसा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. नंतर ते एकत्र करा, पण खिडकीबाहेरचा माड आणि पलंगाखालची सावली दोन्ही सारखीच उजळ दिसेपर्यंत ओढू नका. येणारा पाहुणा खोलीत पाऊल टाकताच फसवलं गेल्यासारखा थबकतो.

फ्लॅश लागलाच तर

शहरातल्या फ्लॅटमध्ये फ्लॅश छताकडे वळवला की पांढऱ्या छतावरून मऊ उजेड खाली येतो. कौलारू घरात वर उंच, काळे वासे आणि तांबडी कौलं. उजेड वर जातो आणि परतत नाही, आणि जो परततो तो तपकिरी असतो. फ्लॅश बाजूच्या चुना दिलेल्या भिंतीकडे वळवा. भिंत मातीची असेल तर दोघांनी पांढरी चादर ताणून धरा आणि तिच्यावर फ्लॅश मारा. मोबाइलची बॅटरीही थेट चेहऱ्यावर न मारता पांढऱ्या कागदावर मारून उसळवली तर चालते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून कागद चौकटीच्या अगदी कडेपर्यंत जवळ आणा. फ्लॅशची ताकद आधी इतकी कमी करा की तो उडाला हे कुणाला कळू नये, मग गरजेपुरती वाढवा. झोपलेल्या बाळावर मारू नका. बाळ उठलं की फोटोही गेला आणि घरची झोपही.

दमट हवा आणि लेन्स

किनाऱ्यावर लेन्सला बुरशी लागते आणि बुरशी लागलेल्या लेन्समधून दिवे धुरकट दिसतात, एक्स्पोजर कितीही बरोबर असो. घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा मीटर: काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे करा. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवू नका. एसी गाडीतून उतरून थेट दमट घरात गेलात की काचेवर दव धरतं. पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास जाऊ द्या, पुसत बसू नका.

फोटो काढल्यावर

संगणकावर किंवा मोबाइलवर आधी एक्स्पोजर, मग व्हाइट बॅलन्स, मग सावल्या थोड्या वर, आणि शेवटी दाणे कमी करणारं स्लायडर जपून. ते जास्त ओढलं की आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात, आणि त्या सुरकुत्यांसाठीच तर फोटो काढला होता.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि काळोख्या भागात चौकोनी डाग येतात. घरच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापायला देणार असाल तर लक्षात ठेवा, कागदावरचा फोटो पडद्यापेक्षा काळपट येतो, आणि काळोख्या माजघराच्या फोटोत तर बराच. पडद्याची ब्राइटनेस निम्मी करून फोटो तपासा, गरज वाटली तर अर्धा स्टॉप उजळवा, आणि आधी ४ बाय ६ इंचाची एक प्रत काढून ती खिडकीपाशी धरून बघा. ती पटली की मगच भिंतीवर लावायची मोठी प्रत सांगा.